टेबलासमोरची खुर्ची

सोमवार, ३ फेब्रु.
आपली वंदना इन्चार्ज सिस्टर झाली! पेढे वाटले. इतकी वर्षं एका डब्यात जेवलो, आता दवाखान्यातल्या सगळ्या नर्सांच्या सुट्या तिच्या हातात. आधीचे इन्चार्ज पवार ब्रदर निवृत्त झाले, सुटलो. सुटी मागायला गेलं की काय ओरडायचे! आधी "बसा" म्हणायचे, मग ओरडायचे, मग लगेच सही.

मंगळवार, ४
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गुरुवारी नांदेडला. आखाडा बाळापूरहून तिला न्यायला माझ्याशिवाय कोण? दोन दिवस सुटी मागायला गेले, तर वंदनाच्या टेबलासमोरची खुर्चीच गायब. स्टोअरमध्ये टाकलीय म्हणे. उभ्यानंच बोलले. फोनमधून मान वर न करता म्हणाली, "बघते." वाटलं, गंमत करून राहिली.

बुधवार, ५
सकाळी पुन्हा विचारलं. सगळ्यांसमोर म्हणते, "सांगते ना. घाई काहून?" आईचे फोनवर फोन. दुपारी हात जोडले. खरंच जोडले, वंदनापुढे! संध्याकाळी "जा" म्हणाली. बाहेर आले तर नवी सिस्टर कविता म्हणते, "ताई, तुमच्या जागी थांबायचं मला तर कालच सांगितलं व्हतं."
तशीच वंदनाकडे परत फिरले. "मग मला काहून न्हाई सांगितलं?"
शांतपणे म्हणाली, "लगेच व्हय म्हटलं की मान राहत न्हाई. गरीब गाय म्हणून लई वापरलं मला सगळ्यांनी."
सगळ्यांनी. म्हणजे मीसुद्धा?

शुक्रवार, ७
पट्टी निघाली. "कॅलेंडरवरची तारीख दिसून राहिली," म्हणत आई रडली. मी पण. डोक्यात मात्र अजून वंदनाच. पवार ब्रदर तापट, पण इन्चार्जची खुर्ची त्यांना कामापुरती. कधी आवाज न चढवलेली वंदना तीच खुर्ची घेऊन जुनी उसनवारी वसूल करतेय. आणि मी म्हणे हिला ओळखते!

सोमवार, १०
वंदना ट्रेनिंगला, हिंगोलीला. आठवडाभर चार्ज माझ्याकडे. घरून ठरवूनच आले, पहिलं काम म्हणजे ती खुर्ची परत आणायची. पण गर्दी होती, राहिलं.
अकराला कविता आली. परवा लेकराचं जावळ, औंढ्याला. अडचण काहीच नव्हती, तिच्या जागी मीच थांबले असते. ती उभी, ओढणीचं टोक पिळत. तोंडातून निघून गेलं, "बघते. संध्याकाळी ये."
"व्हय, मॅडम."
सकाळपर्यंत मी ताई होते. आणि मला बरं वाटलं. लाज नंतर वाटली, आधी बरं वाटलं.
चार वाजले. स्टोअरची किल्ली समोरच पडलीय. कविता दारातून डोकावून गेली, मी फोनमध्ये बघत होते.