दुपारी एक ते चार

बाबा, काल मुलाने हट्टाने सिनेमाला नेलं. बायकांचे लागोपाठ खून करणाऱ्याच्या मागावर दोन पोलीस, त्यातला एक दिसेल ते दार लाथेने उघडतो. मुलगा खूश. मी मात्र मध्यंतराआधीच "एसी फार आहे" असं सांगून बाहेर येऊन बसले.

तुम्ही आयुष्यात एकाही दाराला लाथ मारली नाहीत. त्या वर्षी नारायण पेठेत एकट्या राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या बायकांचे गळे आवळून खून झाले होते, दोन्ही भरदुपारी. पेठेतली दुपार म्हणजे दुकानं बंद आणि माणसं आडवी, हे त्या मेल्याने बरोबर हेरलं होतं. तुम्ही हवालदार, एकट्या बायकांना सावध करत घरोघर फिरत होता. माझ्या शिकवणीच्या बाईही एकट्याच. अडीचला त्यांच्या घरासमोरच्या पीसीओवरून तुमचा घरी फोन येतो. "दारावर पाटी आहे, दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. काय करू?" मी दहावीतली, बाईंचा राग पुरता ओळखून असलेली. म्हणते, "मुळीच वाजवू नका बाबा, उद्या सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढतील." तुम्ही हसता. म्हणता, बरं, थांबतो.

आणि थांबलात, जिन्याखाली, टोपी काढून. सव्वातीनला वरून एक जण उतरला, खांद्यावर केबलच्या वायरचं वेटोळं. तेव्हा घरोघर नवी केबल येत होती, कोणाला काय वाटणार? तुम्ही बाजूला सरकून त्याला वाट दिलीत. चारला वर गेलात, तर दार नुसतं लोटलेलं होतं.

तुम्ही सांगितलेल्या वर्णनावरून तो महिन्याभरात सापडला, येरवड्याच्या तुरुंगात गेला. पण साहेबांनी तुम्हाला सगळ्यांदेखत विचारलं, पोलीस आहात की पाहुणे? जबाबात तुम्ही लिहिलंत, पाटी वाचून थांबलो. फोनचा उल्लेखच नाही. मी स्वयंपाकघरात रडत बसले होते, तर ताट माझ्यापुढे सरकवून म्हणालात, "जेव. तो फोन झालाच नाही." निवृत्तीपर्यंत चौकीत तुम्हाला 'एक ते चार' म्हणायचे, आणि तुम्ही ओ द्यायचात. मला फार लाज वाटायची, तुमची नव्हे.

काल परतताना मुलाने विचारलं, आजोबा खरंच नुसती पाटी वाचून थांबले होते? ती गोष्ट त्याला मीच सांगितली आहे, हसवायला. मी हो म्हणाले. कालही म्हणाले, बाबा.