नऊ माळा अनवाणी

कापूरहोळ,
२९ सप्टेंबर २०२४

ती. आक्काला धाकट्या रत्नाचा नमस्कार. चि. हनुमंताला आणि सौ. सोनियाला आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक. तुमच्याकडे डोंगरावर पाऊस हटला असेल, शेळ्या माळाला लागल्या असतील. सोनिया, वाचताना तुझ्या सासूकडं लक्ष ठेव. पत्र अर्ध्यावर आलं की तिला शेळ्या आठवतात. तिला म्हणावं, शेळ्या कुठं पळून जात नाहीत, बस खाली.

फोन केला असता, पण तुमच्या वाडीत त्या एका खडकावर चढल्याशिवाय रेंज नाही, आणि खडकावरून बोललं की सगळी वाडी ऐकते. त्यापेक्षा हे बरं. दुधाच्या टेम्पोवाला माऊली वेल्ह्यापर्यंत आणील, पुढं हनुमंत आहेच.

बातमी अशी, की तुझी ढोली बहीण बारीक झाली. खोटं वाटेल, पण दोन्ही ब्लाउज शिंप्याकडून आत घ्यावे लागले. गेल्या वर्षी मला साखर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वजन उतरवा, दिवसभरात किती गोड पोटात जातं त्यावर नजर ठेवा आणि गोळी चुकवू नका. तेव्हापासून भात बंद, नाचणीची भाकरी सुरू. टपरीवर दिवसभर दुसऱ्यांचा चहा उकळते, पण माझ्या पेल्यात साखरेचा कण नाही. पहिले पंधरा दिवस तो चहा भांडी विसळल्याच्या पाण्यासारखा लागला, आता जीभ गप्प बसली. आधण उतरवताना तळहातावर थेंब घेऊन चाखते तेवढंच. ते धंद्याचं काम, त्याला कुणी खाणं म्हणत नाही.

वजन शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर करते. तो म्हणतो, "वहिनी, माझं भंगार वाढतंय आन तुमी घटताय." तुझे लाडके मेहुणे गोरखराव पंक्चरच्या दुकानातून ओरडतात, "आसंच चाललं तर पुढच्या साली हवा भरावी लागंल." आता हसतात खरे, पण गिऱ्हाइकांना माझं कौतुक तेच सांगत असतात.

तहान मात्र फार लागते. ऊन वाढलंय म्हणून असेल.

आणि ऐक, मेंगाईला बोलले आहे. या नवरात्रात नऊ माळा अनवाणी राहीन, कडक उपवास धरीन, पण माझी साखर उतरू दे. आपल्या आबांसारखं नको होऊ दे, एवढंच मागितलं. तू म्हणशील, सणाच्या तोंडावर आबांचं कशाला काढतेस. नाही काढत.

तुझी रत्ना


कापूरहोळ,
८ ऑक्टोबर २०२४, सहावी माळ

ती. आक्काला नमस्कार.

तुझं उत्तर माऊलीनं तोंडी सांगितलं. "उपास कर, पर गोळी खा." तू शेळ्यांना औषध पाजतेस त्या आवाजात म्हणाली असशील. पण आक्का, गोळी मी घटाच्या दिवसापासून बाजूला ठेवली आहे. तिच्यात काय काय घातलेलं असतं कोण जाणे, उपवास बाटायला नको. दसऱ्याला पुन्हा सुरू. आणि उपवासाला तरी काय खाते, साबुदाणा, भगर, उकडलेलं रताळं, फार तर दोन केळी. पोट हलकं आणि काटा अजून खाली.

आता चमत्कार ऐक. ऑक्टोबरचं ऊन तुला माहीत आहे, दुपारचं डांबर नुसतं तापतं. आम्ही बायका देवळात निघालो की बाकीच्या सावलीतून सावलीत उड्या मारतात. मी आपली मधून सरळ चालते. भाजीवाली बाळाबाई परवा थांबलीच. "आगं रत्ना, तुझं पाय भाजंनात व्हय?" म्हटलं, "न्हाई ओ." तिनं माझ्याकडं कसं बघितलं, आणि भर रस्त्यात वाकून माझ्या पायाला हात लावला. म्हणाली, "आईचा हात हाय तुझ्यावर."

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. मला फार अवघडल्यासारखं झालं, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. आयुष्यभर माझ्या पायाला कोण लागलंय. तूसुद्धा खडीवरून वहाणा न घालता खुशाल जातेस, मी तुला हसायची. आता वाटतं, आपल्या माहेरच्या रक्तावरच देवीची कृपा असावी.

एक विचारायचं होतं. आबांचे पाय उन्हात भाजायचे का गं? म्हणजे, आधी. उगाच विचारते. नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझी रत्ना


कापूरहोळ,
१० ऑक्टोबर २०२४, आठवी माळ

सोनिया बाळ,

हे पत्र आधी तू एकटीनं वाच. तुझी सासू जवळ असेल तर म्हण, रत्नामावशीनं मलाच लिहिलंय. गोठ्यामागं जा आणि वाच. मी फार घाबरले आहे आणि ते आक्काला सांगायचा धीर होत नाही. का ते पुढं सांगते.

काल सकाळी टपरीची फरशी धुतली. पहिलं आधण चढवलं, दोन ट्रकवाले बाकड्यावर होते. वळून बघते तो फरशीवर लाल डाग. मला वाटलं, कुणी पान खाऊन थुंकलं. तुला माझं तोंड माहीत आहे. म्हटलं, "सकाळच्या पारी लक्ष्मीच्या जागेवर थुकताय, घरी आई न्हाई का?" डाग पुसला, चुलीकडं गेले, परत आले तर बाकड्यापाशी दुसरा. तोही पुसला. मग चुलीपाशी तिसरा. मी त्या दोघांवर आवाज चढवत होते आणि डाग पुसत फिरत होते, आणि पुसलेल्या जागी परत डाग. शेवटी त्यातला वयस्कर होता तो हळूच म्हणाला, "मावशी, जरा बसा. तुमचा पाय बगा."

उजव्या तळव्यात तार होती, सोनिया. टायरमधली बारीक तार. आमच्या दुकानापुढं तसल्या तारा पडलेल्याच असतात. गोरखराव रोज टायरमधून काढतात. त्याच पकडीनं त्यांनी माझ्या तळव्यातली ओढली. बोटाच्या दोन पेरांएवढी बाहेर आली. कडेचं मांस पांढरं पडलं होतं, म्हणजे ती कालची नव्हती. त्यांनी विचारलं, "कवा घुसली?" मी म्हटलं, "काय म्हाईत." ते मान वर करून माझ्याकडं बघत राहिले. ओढताना मी साधं हूं केलं नव्हतं, हे आम्हा दोघांच्या तेव्हा ध्यानात आलं.

बाळाबाई पायाला लागली त्या दिवशीही ती तार बहुतेक आतच असेल.

मी हळद भरली, फडकं बांधलं. हे म्हणाले, आत्ता भोरला चल. मी म्हटलं, दोनच माळा राहिल्यात, दसरा होऊ दे. आणि पुढं माझ्या तोंडून निघून गेलं, "दुखतच न्हाई, तर डाक्टर कशापायी?"

सोनिया, हे वाक्य माझं नाही. हे आबांचं आहे.

तू सून होऊन आलीस तेव्हा आबा गेलेले होते, म्हणून तुला सांगते. आमचे वडील कोंडिबा आक्काकडंच राहायचे, डोंगरातला सगळ्यात चालणारा माणूस. शेळ्या दमायच्या, आबा दमायचे नाहीत. साखर आहे हे कळलं होतं, पण रानात फिरणाऱ्याला कसली साखर, असं सगळेच म्हणायचे. त्यांना करवंदीचा काटा लागला आणि कळलाच नाही. आक्कानं पाय बघितला तेव्हा वास यायला लागला होता. ती डॉक्टरकडं चला म्हणून पाया पडली, तर त्यांनी हेच सांगितलं. दुखतच न्हाई, तर डाक्टर कशापायी. पुण्याला नेईपर्यंत गुडघ्याखालचा पाय ठेवण्यासारखा उरला नव्हता.

नंतर ते दारात बसायचे आणि शेळ्या त्यांच्याशिवाय वर जायच्या. भोरच्या बाजारातून आक्कानं त्यांना वहाणांचा जोडच आणला, कारण एकाच पायाची मिळेना. दुसरी वहाण अजून तुमच्या माळ्यावर आहे बघ, कधी पायात न गेलेली. आक्का ती टाकूनही देत नाही आणि कुणाला दाखवतही नाही. आबांचं सगळं अंथरुणातलं तिनं केलं. मी तेव्हा नव्या संसारात होते, दोन दिवस येऊन रडून परत जायची. म्हणून तिला सांगायचा धीर होत नाही. ती पुन्हा तसाच पाय बघेल.

तर ते वाक्य तोंडातून गेलं. मग गोरखरावांना काय आठवलं कुणास ठाऊक. साखर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला लावून पायाच्या बोटांना हात लावला होता, आणि कुठं लावला ते मी बरोबर सांगितलं होतं. हे तेव्हा शेजारीच उभे होते. काल त्यांनी मला बाकड्यावर बसवलं. "डोळं मिट. कुठल्या बोटाला हात लावला सांग."

मी डोळे मिटले. वाट बघितली. रस्त्यावरनं एक एसटी गेली. म्हटलं, "लावा की आता."

ते म्हणाले, "लावून झालं."

"कुठल्या बोटाला?"

"सगळ्या."

दोन्ही पायांच्या, सोनिया. मी डोळे उघडले तेव्हा ते खाली उकिडवे बसले होते आणि माझे दोन्ही पाय त्यांनी हातात धरले होते, आणि ते मला डोळ्यांनी बघून कळलं.

देवीची कृपा म्हणून मिरवत होते ती ही. रस्ता तापलेलाच होता, माझेच पाय मेले होते. काल दिवसभर मग एकेक उलगडत गेलं. पेल्यातली साखर बंद केली, पण दर आधणाला तळहातावरचा गोड चहा चाटत होते, आणि आधणं दिवसभर चालूच असतात. उपवास म्हणून साबुदाणा आणि रताळं हाणलं, आणि वर गोळी बंद. वजन उतरलं म्हणून भंगारवाल्याला पेढे द्यायचे बाकी होते, पण आबाही आधी असेच वाळले होते. सगळे म्हणायचे, म्हातारा कसा काटक झालाय. ती तहान, ते रात्रीचं सारखं लघवीला उठणं, सगळं तेच. मला काही माहीत नव्हतं असं म्हणू नकोस, मला माहीत होतं. मी बघत नव्हते. भीतीनं बघत नव्हते.

आणि आता दोन्हीकडून भीती आहे. दवाखान्यात गेले तर आबांना सांगितलं तेच मलाही सांगतील, पाय काढावा लागेल. नाही गेले तर पाय आपला आपण सांगेल. आणि नवस मोडला तर आईला काय तोंड दाखवू? हे मी गोरखरावांना म्हटलं. ते म्हणाले, "मेंगाई कवा म्हनली व्हती वहाणा घालू नगं? तूच बोललीस, तूच मोड. रागावली तर माझ्यावर रागावू दे." देवाधर्माचं काही न कळणारा माणूस, पण मी काल रात्री त्यांच्याच पायांवर डोकं ठेवलं. त्यांचे पाय गरम लागले. गालाला लागले म्हणून कळलं.

आज सकाळी गोळी घेतली. घटापुढं हात जोडले आणि चपला घातल्या. डाव्या पायात गेली की नाही ते वाकून बघावं लागलं. बाळाबाई समोरून येत होती, तिनं माझ्या पायांकडं बघितलं. मीच म्हटलं, "बाळाबाई, आईचा हात न्हवता. साखर व्हती." ती टोपली खाली ठेवून स्वतःचे तळवे बघायला लागली.

तिला तळवे बघताना पाहिलं आणि मला आक्का आठवली. खडीवरून अनवाणी जाणारी, वर्षानुवर्षं, आणि मी तिला हसणारी. परवाच्या पत्रात मीच लिहिलं ना, आपल्या माहेरच्या रक्तावर कृपा आहे म्हणून. ते शब्दाला शब्द खरं होईल अशी भीती वाटते आहे, आणि ही भीती माझ्या पायापेक्षा मोठी आहे. तिनं आजवर साखर कधी तपासली नाही. डॉक्टरचं नाव काढलं की तिला शेळ्या आठवतात.

म्हणून तुला लिहिलं. आत्ता घरात जा. तिला जोत्यावर बसव, डोळे मिटायला सांग, आणि तिच्या पायाच्या बोटांना एकेक करून हात लाव, हळू, दाबू नकोस. कुठल्या बोटाला लावला ते विचार. तिनं "लाव की" म्हटलं, तर हनुमंताला म्हणावं माऊलीच्या टेम्पोतून आजच्या आज तिला खाली आण. शेळ्या एक दिवस कोंडून ठेवा, मरत नाहीत.

आणि तिनं सगळी बोटं बरोबर सांगितली, तर मग हे पत्र तिला पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखव. आबांचंही वाच, काही गाळू नकोस. ती उठायला लागली तर हात धरून बसव. रडेल, रडू दे. मला शिव्या देईल, त्या लक्षात ठेवून मला सांग.

गोरखराव शटर ओढून घेताहेत, मोटरसायकल काढली आहे. भोरला निघतो. तिथं काय सांगतील ते मला माहीत नाही. घाईत लिहिते आहे म्हणून अक्षर असं आलंय.

आक्का, हे तुझ्यापर्यंत पोचेल तेव्हा सोनियानं तुझ्या बोटांना हात लावून झाला असेल. पाय भाजतात असं एकदा म्हण. माझ्यासाठी तेवढंच म्हण.

नववी माळ राहिली.

चपला घालून बसलेली,
तुझी रत्ना