कळी आलेल्या पेशी मोजू नयेत

तीर्थस्वरूप आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर, कारण सध्या माझी पाठ वाकत नाही. कारण पुढे येईल.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे काकांकडून कळलं. पट्टी सुटली असेल तर हे पत्र तू स्वतः वाच. सुटली नसेल तर काकांना सावकाश वाचायला सांग. ते कंसातला मजकूर गाळतात.

मी नक्की काय करते, असं तू मागच्या वेळी फोनवर विचारलंस आणि मी 'यीस्टवर काम' म्हटलं. त्यावरून तू शेजारणीला 'आमची भाची बेकरीत लागली' असं सांगितलंस हे मला समजलं. तुझा दोष नाही. पाव फुगवतं तेच हे यीस्ट. पण मी पाव करत नाही. त्या पेशीच्या आत जे केंद्रक असतं, त्याच्या आत डोकावते. केसाच्या जाडीत अशा पंधरा-वीस पेशी शेजारी शेजारी मावतील आणि त्यातल्या प्रत्येकीच्या केंद्रकात सोळा गुणसूत्रं राहतात. एवढ्याशा जागेत सोळा जण म्हटल्यावर तुला वाटेल गुंताच असणार. तसं नाही. सगळ्यांच्या कमरा केंद्रकाच्या भिंतीशी एकाच ठिकाणी बांधलेल्या, हातपाय आत पसरलेले आणि शेवटची टोकं पुन्हा भिंतीला चिकटलेली. (समोरची बाजू एका गुणसूत्राच्या एका तुकड्यानं अडवलेली असते. असा एक जण प्रत्येक घरात असतो. मी नाव घेत नाही.)

ही टोकं भिंतीला कशानं चिकटतात, यात आमच्या बाईंची हयात गेली. बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक. एक विशिष्ट प्रथिन टोकाला भिंतीशी धरून ठेवतं, त्याला त्या 'खिळा' म्हणतात. खिळा काढला की टोक सुटून मधे तरंगतं. आम्ही टोकाला हिरवं चमकवतो, भिंतीला लाल, आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसून हिरवा ठिपका कडेला आहे की मधे, ते मोजतो. बाईंचा एक नियम होता : कळी आलेल्या पेशी मोजू नयेत. यीस्टच्या पेशीला दुसरी पेशी व्हायची असली की अंगावर कळी फुटते. तेव्हा आतली उठाठेव फार, मोजणारा गोंधळतो. म्हणून फक्त गोल, निवांत पेशी मोजायच्या. सगळ्यांनी तेच केलं.

आता रंगाऱ्यांकडे येते. बाईंच्या निवृत्तीचा समारंभ शुक्रवारी, म्हणून संचालकांना आदल्या आठवड्यात इमारत रंगवायची बुद्धी झाली. इमारतीला कुलूप लागलं आणि खिळा काढलेलं माझं यीस्ट आत राहिलं. कुलूप निघाल्यावर आत गेले तेव्हा त्यानं सगळी साखर संपवली होती आणि ते संपकऱ्यांसारखं स्वस्थ बसलं होतं. मी कुणाला न सांगता ताजं खाणं घातलं. उपाशी माणसं पंगतीला एकदम उठावीत तशा सगळ्या पेशी एकदम जाग्या झाल्या, आणि मी बघायला घेतल्या तेव्हा सगळ्यांना कळ्या. मोजायला गोल पेशीच शिल्लक नाही! नियम तेव्हा आठवला असता तर हे पत्र इथेच संपलं असतं. मी मोजत सुटले. आत्या, खिळा नव्हता, तरी बहुतेक सगळे ठिपके भिंतीलाच होते.

आधी वाटलं बाटल्यांची अदलाबदल झाली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. तेच. शेजारच्या टेबलावरच्या मुनीमाला दाखवलं. (तो मुनीम नाही, संशोधक आहे; पण पेन कानावर ठेवतो.) तो बराच वेळ बघून म्हणाला, "सोमवारी सांग. शुक्रवारी त्यांना सुखानं जाऊ दे." सल्ला मायेचा होता. पण शुक्रवारी बाई सगळ्यांसमोर त्याच एका खिळ्यावर बोलणार होत्या, आणि मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावणार होते. तेवढं मला जमेना.

सांगायला गेले आणि स्टेपलर मागून आले. परत गेले आणि स्टेपलर परत करून आले. मग दार लावून घेतलं आणि एका दमात बोलून टाकलं. बाईंनी काचपट्टीसाठी हात पुढे केला आणि सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत गेल्या. मी बाहेर बसले, रंगाच्या डब्यावर. झाकण नीट लागलेलं नव्हतं. आत गेले ती कमरेपर्यंत अडकले, आणि मला बाहेर ओढताना मुनीमानं माझी पाठ कायमची सरळ केली.

बाई बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. बघून की कशानं, ते विचारायची प्राज्ञा नव्हती.

"कळीवाल्यांना दुसरा खिळा आहे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कुणी मोजल्या का नाहीत?"

"तुम्हीच सांगितलं होतं, मोजू नका."

"मग तू का ऐकलं नाहीस?"

"आठवलंच नाही, बाई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या रंगलेल्या कपड्यांकडे न बघता निघून गेल्या.

शुक्रवारी संचालक अर्धा तास बाईंच्या साडीच्या रंगसंगतीवर बोलले. मग बाई उठल्या. म्हणाल्या, "माझं आयुष्यभराचं काम अर्धं बरोबर निघालं. उरलेलं अर्धं मी स्वतःच झाकून ठेवलं होतं. ते या मुलीनं उघडलं." संचालकांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "थांबा, गंमत पुढे आहे," आणि एक तास कळ्यांवर बोलल्या. त्यांना इतकं तरुण मी कधी पाहिलं नव्हतं. मी रडले. मुनीमही रडला, पण तो रंगाच्या वासानं म्हणतो.

नंतर खोलीत खोकी भरताना त्या एकदम थांबल्या. "दुसरा खिळा शोधायचा तर आत्ता सुरुवात झाली गं. आणि मला चावी परत करायची आहे." मी खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले.

काकांना नमस्कार. औषधाचे थेंब चुकवू नकोस.

तुझी,
बेकरीवाली भाची

ता. क. : बाई संस्थेच्याच घरात राहायच्या, तेही सोडावं लागलं. तुझी वरची खोली रिकामी आहे असं माझ्या तोंडून निघालं. एक छोटा सूक्ष्मदर्शक आहे आणि फ्रीजचा एकच कप्पा लागेल. त्यातलं काही कणकेत घालू नकोस.

आणखी ता. क. : त्या परवाच्या गाडीनं निघतायत. म्हणजे हे पत्र आणि त्या बहुधा बरोबरच पोचतील. त्या स्वतःहून काही मागणार नाहीत, जेवणसुद्धा. तेवढं 'किती दिवस आहात?' असं मात्र विचारू नकोस.