खंडेनवमीला खोचलेली तार

सांगली,
कोजागरी, १९९८

प्रिय ज्ञानदा,

तुझं पत्र शनिवारी सकाळी मिळालं. त्यात शौनकचं नाव किती वेळा आलं ते मी मोजलं नाही, तुझ्या आईने मोजलं, आणि हसली. शेवटच्या ओळीत विचारलंस, त्याला रविवारी घरी आणू का. उत्तर देतो. आधी स्विचचं बोलू.

सकाळी कॉम्प्युटर लावला की सर्व्हर सापडत नाही, ही तक्रार तुझ्या शिरवळच्या कारखान्यात गणपतीपासून होती. मला कधी कळवलीस? मिटल्यावर. दूध संघात हेच दुखणं मी गेल्या वर्षी निस्तरलं होतं, शेजारी डिक्शनरी ठेवून, इंग्रजी पुस्तकातून. कुणी शिकवायला नव्हतं. लहानपणी तुझ्या सायकलचा डायनॅमो बिघडला की शेजारचे नाथाजीकाका स्वतःहून हात पुढे करायचे, तरी तू फाटकात माझी वाट बघत बसायचीस. बाबाच करतील, म्हणायचीस. आता शौनक म्हणतो, शौनक म्हणाला.

शौनकने दुरुस्ती केली ती बरोबर आहे. मीही तेच सांगितलं असतं, विचारलं असतंस तर. आईला मी असं समजावलं: स्विच म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा जिथे जोडतात ती पेटी. स्विचमध्ये तार खोचली की तो लगेच वाट देत नाही. अर्धं मिनिट कानोसा घेतो, ही तार फिरून माझ्याकडेच तर येत नाही ना. तशी आली तर एकच निरोप गोल गोल फिरत राहतो आणि सगळं जाळं गुदमरतं. पण तेवढ्या वेळात कॉम्प्युटर सर्व्हरला, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरला, हाका मारून थकतो. म्हणून जिथे नुसता कॉम्प्युटर आहे, त्या भोकाचं थांबणं काढायचं. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या आणि रिकाम्या भोकांचं तसंच ठेवायचं. आई म्हणाली, "अहो, लेकीने माणूस दाखवायला विचारलंय, तुम्ही त्याचा स्विच काय तपासताय?"

मग खंडेनवमीचं वाचलं. पूजेसाठी कॉम्प्युटर पुसायला तुमच्या बिराप्पाने तारा काढल्या, आणि परत लावताना एका तारेची दोन्ही टोकं स्विचमध्येच बसवली. "तार मोकळी लोंबत व्हती, बरं दिसंना, म्हनून खोचली," हे त्याचं म्हणणं लिहिलंस. पुढे लिहिलंस की तरीही एकसुद्धा मशीन अडलं नाही, कारण शौनकने रिकाम्या भोकांवर स्विचचा तो पहारा चालू ठेवला होता. अक्षर बघ तिथलं, किती खुललंय. खरं सांगू, वाचताना मला वाटत होतं, एखादं तरी अडावं.

कुणी लिहिलं म्हणून मी मानत नाही. त्याच दुपारी संघ सुटल्यावर आमच्या स्विचमध्ये तशीच तार खोचली. एका भोकाचा दिवा नारिंगी झाला, तेवढंच बंद पडलं. बाकी सगळं सुरळीत. भोकं बदलून पाहिली, तार उलटी करून पाहिली. पोराला पकडायला कुठे जागाच सापडेना. घरी आलो तर आईने नुसतं तोंडाकडे पाहिलं आणि चहा पुढे केला.

एक गोष्ट मात्र अडली आहे. दोन्हींपैकी दरवेळी मोठ्या नंबरचंच भोक बंद होतं. कुठलंही टोक आधी लावा, फरक नाही. असं का, ते माझ्या पुस्तकात नाही. तुला विचारायला पत्र काढलं, आणि मायना लिहितानाच लक्षात आलं की तू त्यालाच विचारशील. तेव्हा रविवारी त्याला घेऊन ये. स्टँडवर मी येईन. जेवणाआधी त्याला माझ्याबरोबर संघात येऊ दे, तू आईपाशी थांब. हे पत्र त्याला दाखवू नकोस, प्रश्न माझा मी विचारीन. त्यालाही उत्तर येत नसलं तर दोघं बसून शोधू. खरं तर तसंच झालेलं बरं.

तुझाच,
बाबा