खडूच्या रेघा

प्रिय भाऊजी,

तुम्ही बसवून दिलेला मशीनचा पट्टा छान चालतोय. आईंचा खोकला कमी आहे. त्यांनी मला एक गोष्ट विचारली आहे आणि मी त्यांना थांबायला सांगितलंय. तुमचे दादा कसे गेले हे नीट कळल्याशिवाय मला त्यांना उत्तर देता येणार नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय.

तुम्ही सांगितलेलं मला पाठ आहे. पाऊस होता. पुढच्या चौकीवर तुम्ही दोघं शेजारी होतात. गोळी लागली, दादा तुमच्या मांडीवर गेले, तुम्ही त्यांचाच कोट त्यांच्यावर पांघरला आणि तेवढा कोट घरी आणलात. दर वेळी हे असंच सांगता, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. आईंना त्याचा आधार वाटतो. मलाही वाटायचा. पण घडलेलं सांगताना माणूस अडखळतो, मागे जातो, काहीतरी विसरतो. तुम्ही कधीच अडखळला नाहीत.

मध्यंतरी मी लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसात जाऊन आले. तुम्हाला कळू दिलं नाही. तिथल्या कारकुनाने तारीख सांगितली आणि लढताना मृत्यू, एवढंच. जास्त विचारलं तर म्हणाला, बाई, तिथून परत आलेला माणूस तुमच्या घरातच आहे की, काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला घालता? तरी मी तुमच्याकडे आले नाही. तुमच्या तुकडीच्या आचाऱ्याकडे गेले. तो आता गिरणीचं कँटीन चालवतो.

आचारी बोलका निघाला. मी कोण ते कळल्यावर त्याने स्टूल पुसून दिलं. "वहिनी, तुमच्या दिराने आम्हाला फुकट रडवलं हो," म्हणाला. "चौकीवर जायची पाळी त्याची. पाव मीच त्याच्या हातात दिला. कॉलर वर, टोपी खाली, तोंड काही दिसलं नाही, पण कोटावरची नावाची फीत त्याचीच. सकाळी कळलं, गेला. आम्ही धाकट्यासाठी रडतोय, आणि दुपारी धाकटा आपल्या पायांनी जेवायला हजर!" हसता हसता त्याने माझ्याकडे पाहिलं आणि थांबला. मग पातेलं घासायला लागला. ते आधीच घासलेलं होतं. मी विचारलं, चौकीवर कितीजण जायचे? एकच, म्हणाला, आणि पाठ फिरवली.

घरी येऊन ट्रंकेतून कोट काढला. आजवर मी त्याला बायकोसारखा हात लावत आले. या वेळी शिंपिणीसारखा लावला. अस्तर उसवलं. आत माझ्या खडूच्या रेघा जशाच्या तशा होत्या. तुम्ही दोघं निघालात त्याआधी मी दोन्ही कोट अंगाबरोबर करून दिले होते, तेव्हाच्या. आमचा खडू पाणी लागलं की जातो. पावसात भिजलेल्या, रक्त लागलेल्या, मग धुतलेल्या कोटात तो राहत नाही. दादांचा कोट त्या पावसात गेलाच नाही, भाऊजी. मग त्यांच्या अंगावर कोणाचा होता? तुम्ही परत आलात तेव्हा तुमचा कोट नवा होता. त्यात माझा एकही टाका नव्हता. जुना हरवला म्हणालात.

पाळी तुमची होती. गेले दादा, तुमचा कोट घालून. इथपर्यंत मला दिसतं. पुढचं दिसत नाही.

तुम्ही घाबरला असाल तर ते मी समजू शकते. दादांचा स्वभावही मला ठाऊक आहे. धाकट्याला ताप चढलेला बघून, त्याला न उठवता, ते गुपचूप निघालेही असतील. पण मला दुसरंही आठवतं. लढाईच्या आधी तुम्ही सारखे सदरे शिवायला आणायचात. दादा चेष्टा करायचे, "याला सुई धरता न येणारी बायको बघा, म्हणजे हा कपडे सांभाळून वापरेल." आपण तिघंही हसायचो. त्या शिवणी फाटलेल्या नसायच्या. ब्लेडने उसवलेल्या असायच्या. एवढं मला कळतं. मी काही न बोलता शिवून देत होते.

आईंनी विचारलं ते हे. "धाकट्याला तुझ्याशी लग्न करायचंय. तुझ्यासमोर तोंड उघडत नाही, म्हणून मी विचारते. घरातलाच आहे. जिवाला जीव देईल." मी चहाचे कप उचलून आत गेले. तुम्ही मला परके वाटत नाही, हीच अडचण आहे. वाटत असता तर हे पत्र लिहिलंच नसतं, सरळ नाही म्हणून मोकळी झाले असते. तेव्हा या. आईंसमोर नको, माझ्या शिलाईच्या दुकानात या. मला एवढंच सांगा, त्या संध्याकाळी दादांनी तुमचा कोट आपणहून घेतला, की तुम्ही तो त्यांच्या हातात दिलात? आईंना काय सांगायचं ते मी त्यानंतर ठरवेन.

अजून तरी तुमची,
वहिनी