बाबांच्या पत्त्यावर आलेलं पत्र

म्हैसूर,
६ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप अलकाआत्या,

मृण्मयीचा नमस्कार. इतक्या वर्षांनी माझं अक्षर ओळखलंस का? इथे सगळे बरे आहोत. दसरा नुकताच आटोपला, रस्त्यांवरचे दिवे अजून उतरवायचे आहेत. माझ्या लेकाला, सुयशला यंदा गर्दी नकोशी झाली, म्हणून आम्ही चार दिवस बेट्टदपूरला माझ्या मैत्रिणीच्या, सहनाच्या आईकडे जाऊन राहिलो. टेकडीवरच्या देवळापर्यंत चढले. गुडघा अजून त्याबद्दल बोलतोय.

ते चार दिवस तुझी विनंती आमच्याकडे न वाचता पडून राहिली, त्याबद्दल आधी माफ कर.

पत्र मुद्दाम पोस्टाने पाठवते आहे. मेलवरचा तुझा विश्वास उडाला असणार. आमच्या फॉर्ममध्ये 'कारण' या रकान्यात तू लिहिलंस, ‘दादाने मला यादीत टाकलं असेल तर मला राहू द्या. वाचनालयाला तेवढं सोडा, सभासदांची पत्रं अडली आहेत. आणि दादाला सांगा, अलकाला कळलं.’

आत्या, बाबांनी तुला कुठल्याही यादीत टाकलेलं नाही. ते माझ्या हातून झालं.

नीट सांगते. मी, सहना आणि गुरुराज नोकरी सांभाळून एक ब्लॉकलिस्ट चालवतो. ज्या मशीनवरून फसवी, नकोशी मेल येते, त्याचा पत्ता तिच्यात जातो. इथल्या आणि तुमच्या बाजूच्याही काही शाळा, पतसंस्था, लहान दवाखाने आमच्या यादीला विचारतात आणि मगच मेल आत घेतात. ही विचारपूस सांभाळणारं सॉफ्टवेअर कुणा परक्या माणसाने लिहून सगळ्यांना मोकळं करून दिलंय. मी त्याचं तोंडही पाहिलेलं नाही, पण वर्षानुवर्षं ते आमच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर कुरकुर न करता चालतंय. यादी म्हणजे साधी फाइल. एका ओळीत एक पत्ता, पुढे शेरा.

बाबा हे निवृत्तीनंतर माझ्याकडून शिकले, ते तुझ्या कानावर असेलच. जन्म टेलिफोन खात्यात गेलेला, त्यांना गंमत वाटायची. यादीत पत्ते घालण्यात त्यांना रस नव्हता, काढण्यात होता. “घालायला यंत्र चालेल, मृणू. काढायला माणूस बसव,” म्हणायचे. आलेली प्रत्येक विनंती कुणीतरी स्वतः वाचायची आणि उत्तर द्यायचं, हा नियम त्यांचा. आम्ही तो अजून पाळतो, म्हणून तुझी ओळ कुणाच्या तरी डोळ्यांखालून गेली.

ती सहनाने पाहिली. काल आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन आली. “इदु निम्म भाषे अल्वा? तुमचीच भाषा ना ही? हिंदीमुळे मला अक्षरं लागतात गं, अर्थ लागत नाही.”

“वाच की.”

“माझे उच्चार ऐकून हसशील.”

“हसते. वाच.”

तिने अडखळत वाचलं. मग विचारलं, “दादा अंद्रे यारु?” दादा म्हणजे कोण?

“अप्पा,” मी म्हटलं. “माझे बाबा.”

सहनाने लॅपटॉप बाजूला ठेवला. कारण तिला माहीत होतं. आत्या, हे मी दीड पान पुढे ढकलत आले. बाबा नाहीत. तीन वर्षं झाली, भाद्रपदात. हृदय थकलं होतं. नऊ दिवस दवाखान्यात होते, फार त्रास झाला नाही.

तुला कुणी कळवलं नाही, कारण ते काम माझं होतं. सातव्या दिवशी ते म्हणाले होते, “अलकाला कळव.” मी हो म्हटलं आणि कळवलं नाही. तुझ्या लग्नाला ते आले नाहीत, बावन्नाव्या वर्षी कसलं लग्न म्हणून नको ते बोलले, ते मला ठाऊक होतं. ते चुकलेच होते. पण नंतर दर दिवाळीला ते तुला मेल करायचे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत रोज उत्तराची वाट बघायचे, ते मी पाहिलं होतं. मला तुझा राग होता. आधी ठरवलं, तेरावा झाला की लिहीन. मग वर्षश्राद्ध झालं की. मग लिहायची लाज वाटायला लागली.

ते गेल्यावर त्यांच्या पत्त्यावर कर्जाच्या आणि औषधांच्या जाहिराती येतच राहिल्या. आम्हा लोकांची एक पद्धत असते. जो पत्ता कुणी वापरत नाही, त्याचा सापळा करायचा. तिथे लिहितो तो चोरच, असं धरून पाठवणारं मशीन आपोआप यादीत जातं. मी बाबांच्या पत्त्याचा सापळा केला. मला वाटलं, त्यांना आता कोणीही जिवंत माणूस लिहिणार नाही.

आणि तू लिहिलंस.

त्या एका पत्रापायी, ते जिथून निघालं ते वाचनालयाचं मशीन यादीत गेलं. नोंदीत दिसतं, नंतर तू मला लिहिलंस ते यादीमुळे आमच्या दारातूनच परत फिरलं, सोबत फॉर्मचा पत्ता घेऊन. त्यात काय होतं मला माहीत नाही. भेटलीस की सांग.

पण सापळ्यात आलेलं पत्र पुरावा म्हणून जपून ठेवलं जातं. त्यांचा पत्ता मी सरळ बंद केला असता तर ते मला कधीच मिळालं नसतं. ज्या यंत्राने तुला दुखावलं, त्यानेच तुझं पत्र शब्द न शब्द राखलं. काल ते वाचताना ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्या न पाहिलेल्या माणसाचे मी मनातल्या मनात किती आभार मानले!

‘तीन दिवाळ्या तुझी एक ओळ नाही, दादा. आधी यायची त्या ओळीत एकदाही ह्यांचं नाव नसायचं, म्हणून मी उत्तर दिलं नाही. आता हट्ट सोडला. मिरजेहून आम्ही दोघं येऊ का? ह्यांना एकदा बघून घे, मग हवं तर बोलू नकोस.’

हे वाचून मला बाबांचं राहिलेलं वाक्य लिहिणं भाग आहे. ते नुसतं “अलकाला कळव” म्हणाले नव्हते. जरा थांबून म्हणाले, “आणि येसाजीरावांना माझा नमस्कार सांग.” त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. जे तुला त्या ओळींत हवं होतं, ते तीन वर्षं माझ्यापाशी अडून होतं.

फॉर्मवरून कळलं की वाचनालयाचं मेलचं मशीन आतोबा स्वतः चालवतात. बाबांना भेटले असते तर दोघांनी आपल्याला बोलू दिलं नसतं.

वाचनालयाची ओळ मी कालच काढली. शेरा लिहिला, ‘चूक आमची.’ सापळाही काढला. बाबांचा पत्ता मात्र तसाच ठेवलाय. त्यावर लिहिलंस तर आता ते माझ्याकडे येतं. तुला दादाला काही लिहावंसं वाटलं, तर लिही.

तू रागावलीस तरी तुझा हक्क आहे. पण या. दोघंही या, दिवाळीच्या आधी या. तू दार ठोठावत राहिलीस, याचे उपकार मी विसरणार नाही.

आतोबांना बाबांचा नमस्कार. उशीर माझ्यामुळे झाला.

तुझी,
मृणू