तुमच्या नावावरचा नोव्हेंबर

बाबा, मागच्या सोमवारी आई तुम्हाला घ्यायला लोणारला गेली होती. एकटी, एसटीनं, तुमचा तपकिरी स्वेटर पिशवीत घालून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की तुमच्या मृत्यूच्या दाखल्याची घडी आता उलगडायलाही भीती वाटते, कागद घडीवर विरला आहे. तरी ती गेली, आणि ती गेली ते माझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्यामुळे. हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर ते आईच्या आजाराबद्दल बोलतात, आणि मला त्याबद्दल बोलायचं नाही.

तुमच्यानंतर आई अमडापूरच्या घरात एकटी राहत होती. सुरुवातीला निभलं. मग दूध गॅसवर ठेवून शेजारी जाऊन बसू लागली, शेजारणीला माझ्या नावानं हाक मारू लागली, तेव्हा मी तिला बुलढाण्याला माझ्याकडे आणलं. इथं ती शांत असते. फक्त संध्याकाळी दिवे लागले की दाराकडे बघून विचारते, "हे आले नाईत का अजून?" पहिल्या वर्षी मी दर वेळी खरं सांगायचे. दर वेळी ती ते पहिल्यांदाच ऐकायची. तिचा चेहरा कसा व्हायचा ते लिहीत नाही. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं की रोज रोज तिला विधवा करू नका, विषय बदला. तेव्हापासून मी म्हणते, "येतीन, बस उशिरा असन." आणि ती मान डोलावते, कारण तुमची बस खरंच नेहमी उशिरा असायची.

तिचं पेन्शन तुमच्या दोघांच्या जुन्या खात्यावर येतं. त्या खात्यातून काय काय कापलं जातं, कुठला विमा चालू आहे, कुठला कधीच संपला, काही पत्ता लागेना. कॉलेजातल्या एका सहकारी मॅडमनी घरखर्चाचा हिशेब ठेवणारा फुकटातला प्रोग्राम कॉम्प्युटरवर टाकून दिला. बँकेकडून व्यवहारांची फाइल घ्यायची आणि त्यात ओढायची, बाकी तो आपोआप करतो, असं त्या म्हणाल्या. बँकेनं अगदी तुमच्या शेवटच्या वर्षापासूनची फाइल मेलवर पाठवली, आणि आपोआप काहीच झालं नाही. आधी त्यानं फाइल घेतलीच नाही. वरच्या ओळींत शाखेचं नाव-पत्ता होता, तो काढल्यावर घेतली. मग लाखाच्या आकड्यातल्या स्वल्पविरामावर तो आकडा तोडायचा आणि तुकडे शेजारच्या रकान्यांत टाकायचा. ते निस्तरलं, तर जमा आणि नावे उलटं पडलं, आईचं पेन्शन खर्चात गेलं. असे दोन रविवार गेले. शाळेच्या निकालपत्रकात बेरीज चुकली की तुम्ही पुसत बसायचा नाहीत, नवा कागद घेऊन पहिल्यापासून मांडायचात. लोणारच्या शाळेत मी तुमच्या टेबलाखाली बसून खडूचे तुकडे गोळा करायचे आणि वरून तुमच्या पुटपुटण्याचा आवाज यायचा. मीही सगळं पुसलं आणि पहिल्यापासून मांडलं.

या वेळी फाइल आत गेली. खाली बारीक अक्षरात आलं की काही ओळी वगळल्या आहेत. असतील रिकाम्या, म्हणून मी लक्ष दिलं नाही. दुपारची वेळ होती. आई टेबलाच्या त्या बाजूला तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तुमचं शेवटचं वर्ष उघडलं आणि वरून खाली वाचत गेले.

तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात, बाबा. पावसानं रस्ता खराब होता आणि तुम्हाला हॉस्पिटलला आणणारी गाडी अमडापूरहून हळूहळू आणावी लागली, हे मला कालच्यासारखं आठवतं. पण पडद्यावर हॉस्पिटलची रक्कम मे महिन्यात भरलेली दिसत होती. मग ऑगस्ट आला आणि गेला, काहीच झालं नाही. सप्टेंबरमध्ये तुमच्या कार्डानं चिखलीला औषधं घेतली. डिसेंबरमध्ये पुन्हा औषधं, पहिल्यापेक्षा कमी रकमेची. आणि मध्ये, नोव्हेंबरच्या तीन तारखेला, लोणारच्या बसस्टँडजवळच्या एटीएममधून तुम्ही पैसे काढले. त्या यादीप्रमाणे तुम्ही उन्हाळ्यात आजारी पडलात, बरे झालात, आणि दिवाळीच्या सुमारास नेहमीसारखे लोणारला जाऊन आलात.

माझा हात माउसवरच राहिला. तुमचं कार्ड कोणी वापरलं असेल, हा विचार नंतर आला. पहिला विचार तो नव्हता. मी मोठ्यानं म्हणाले, "बाबांनी नोव्हेंबरात लोनारले पैसे काढले?"

आईनं शेंगेवरून नजरही उचलली नाही. "मंग? त्यायले पैसे लागत नाईत का?"

तिच्या आवाजात इतका सहजपणा होता की मी वळून खोलीत बघितलं. खरंच बघितलं. मग ती हसून म्हणाली, "एवढ्या दूर पैसे काढाले कोन जाते माय, पर यायले लोनारचंच मशीन पाह्यजे." आणि ते खरं होतं. चिखलीला मशीन असताना तुम्ही महिन्यातून एकदा लोणार गाठायचात. पैसे हे निमित्त. जुन्या शाळेतल्या गुरुजींशी गप्पा मारायच्या, ओळखीच्या शेतातली भरताची वांगी घ्यायची आणि संध्याकाळच्या बसनं यायचं. मग अंगणात तुराट्या पेटवून तुम्ही स्वतः वांगी भाजायला बसायचात. आईला त्या जाळाजवळ येऊ द्यायचा नाहीत. ती भाकरी थापता थापता आतून ओरडते आहे, "जयतीन ना ते! उलटवा!" आणि तुम्ही डोळ्यांत धूर गेलेला असूनही म्हणता आहात, "मी पोरायले शिकोतो, मले नको शिकू."

मी परत पडद्याकडे आले आणि पुष्कळ वेळ ती यादी वरखाली करत राहिले. मग एक गोष्ट दिसली. एकाही महिन्यात बारा तारखेच्या पुढचा व्यवहार नव्हता. पूर्ण वर्षभर कोणीही महिन्याच्या उत्तरार्धात एक रुपया खर्च केला नव्हता. तेव्हा उलगडलं. बँक आधी दिवस लिहिते आणि मग महिना. हा प्रोग्राम आधी महिना वाचत होता. तुमचा अकरा मार्च त्यानं तीन नोव्हेंबर केला होता. ऑगस्टच्या पाच तारखेला भरलेली हॉस्पिटलची रक्कम आठ मे झाली होती. आणि तेरापासून पुढच्या तारखांचा महिना त्याला सापडेना, म्हणून त्या ओळी त्यानं टाकून दिल्या होत्या. तुम्ही गेलात तो दिवसही त्या टाकलेल्या दिवसांपैकीच.

दुरुस्ती सोपी होती, एका चौकटीत तारखेचा क्रम बदलायचा. मी ती त्या दिवशी केली नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे होते, असं मी स्वतःला सांगितलं आणि कॉम्प्युटर तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात शेजारच्या काकूंचा फोन आला. दार उघडं आहे आणि आई घरात नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला ती सांगून गेली होती, "यायले घेऊन येतो लोनारहून." अंगावर हिरवं लुगडं, हातात पिशवी. मी बसस्टँडवर धावले. खिडकीतल्या माणसानं आठवून सांगितलं की अशा एक आजी मेहकरच्या गाडीत बसल्या, पुढं लोणारला कसं जायचं तेही विचारत होत्या. प्रोग्राम टाकून देणाऱ्या त्या मॅडमनी त्यांची गाडी काढली. चिखली गेलं, मेहकर गेलं. मेहकरच्या स्टँडवर ती नव्हती. मॅडम म्हणत होत्या, सापडतील हो, लोक विचारपूस करतात. मी ऐकत नव्हते. मला फक्त सरोवराचा काठ दिसत होता. लहानपणी तुमचा हात सोडून मी त्या उतारावरून धावत सुटले होते, आठवतं? झाडीत कुठंतरी तुम्ही मला गाठलंत आणि आधी थोबाडीत मारलीत. आयुष्यात तेवढीच एक. मग मला उचलून वर येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत, आणि तुमची छाती माझ्या कानाशी जोरजोरात वाजत होती. वर आल्यावर म्हणालात, "तिकडं गेलेल्या माणसाले हाक ऐकू येत नाई." गाडीत मला ते वाक्य ऐकू येत होतं आणि आईचं हिरवं लुगडं त्या झाडीत उतरताना दिसत होतं.

ती काठावर गेली नव्हती. एटीएमच्या पायरीवर बसली होती. स्वेटर पिशवीतून काढून मांडीवर घेतला होता, आणि काचेच्या दारातून पुरुष बाहेर आला की मान वर करून त्याचा चेहरा बघत होती. तिथला वॉचमन उठून माझ्याकडे आला. "तुमच्या आई हायेत का? कवाच्या बसून राह्यल्या. म्हनते, आमचे हे अठीच येतात. चहा पाजला, जेवन घ्या म्हनलं तं नाई म्हनल्या."

आईनं मला बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "तू कायले आली? आता तुह्या बाबाची आन आपली चुकामूक होईन."

मी तिच्याजवळ पायरीवर बसले. बस उशिरा आहे, असं म्हणता आलं असतं. ते पुढच्या गाडीनं घरी गेले, असंही. दोन्ही वाक्यं तोंडाशी आली होती. पण ती दिवसभर उन्हात उपाशी बसली होती, आणि मी असं सांगितलं तर ती उद्या पुन्हा येणार होती.

"आई, बाबा नाई येनार."

"काऊन?"

"ते गेले आई. लय वर्षं झाली."

नेहमीचा तो चेहरा येईल म्हणून मी तिचा हात धरला. तो चेहरा आला नाही. ती विचार करत होती. मग म्हणाली, "मंग तू काऊन म्हनली, पैसे काढले म्हनून?"

मी तिला सांगितलं. पायरीवर बोटानं आकडे काढून दाखवले. तारीख इकडून वाचायची होती, मशीननं तिकडून वाचली. बाबांनी मार्चमध्ये काढलेले पैसे त्यानं नोव्हेंबरात दाखवले.

"म्हंजे जायच्या आंधी काढले होते."

"हो."

"आन त्याच्या मांगून काईच नाई."

"काईच नाई, आई."

तिनं स्वेटरच्या बाह्या आत घेतल्या, नीट घडी केली आणि पिशवीत ठेवला. मग काचेकडे बघत म्हणाली, "त्या मशीनलेबी समजलं नाई म्हना, ते गेले म्हनून. माह्यावानीच." तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "रडू नको बाई. उपाशी हाय ना तू? चाल, काई खाऊन घेऊ."

आम्ही स्टँडसमोर पोहे खाल्ले. तिनं वॉचमनला हात जोडले, त्याच्या पोराबाळांची चौकशी केली. परतीच्या वाटेवर ती माझ्या खांद्यावर झोपली आणि चिखली मागे पडल्यावर जागी होऊन म्हणाली, "कोनाच्या लग्नाले गेल्तो आपन?"

ती यादी मी परवा पुसली. तारखेचा क्रम बदलला, फाइल पुन्हा ओढली. या वेळी एकही ओळ वगळली गेली नाही आणि शिल्लक पासबुकाशी जुळली. हॉस्पिटल ऑगस्टमध्ये परत आलं. तुमचा नोव्हेंबर मोकळा झाला, डिसेंबर मोकळा झाला. जानेवारीपासून आईचं पेन्शन आहे, तेवढंच. तुम्ही गेलात तेव्हा लोकांची ये-जा होती, कागद करायचे होते, आईला सांभाळायचं होतं. या वेळी घरात कोणी नव्हतं. आई शेजारी काकूंकडे होती. मी बराच वेळ त्या मोकळ्या महिन्यांकडे बघत बसले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक राहिलेलं सांगते. लोणारला उतरल्यावर मॅडम एका बाजूला गेल्या आणि मी दुसऱ्या. आई अजून सापडलेली नव्हती. स्टँडच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा माणूस चालला होता, पांढरा सदरा, डावा खांदा किंचित खाली, हातात वांग्यांची पिशवी. मला माहीत होतं की तारीख उलटी वाचली गेली आहे. मला सगळं माहीत होतं. तरी मी आईला शोधायचं सोडून त्याच्या मागे गेले, गल्ली संपेपर्यंत. हाक मारली नाही. तो वळला असता तर तुम्ही नसतात.